चौथं धुणं

“किती?” सरांनी विचारलं.

“सदुसष्ट,” मी म्हणाले.

“मोठ्यांदा बोल. मागे ऐकू जात नाही.”

“सदुसष्ट!”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बैठकीच्या खोलीचे पडदे ओढलेले होते. मधल्या टेबलावर माझा मायक्रोस्कोप होता आणि त्याच्या कॅमेऱ्यातून माझा नमुना समोरच्या भिंतीवर दिसत होता. जांभळे, हिरवे, केशरी पंखे एकमेकांना चिकटून भिंतभर पसरले होते. लग्नघरात शालू उलगडून ठेवावेत तसे. समितीची मंडळी पुढच्या रांगेत बसली होती आणि चहा गार होऊ देऊन भिंतीकडे बघत होती.

नमुना ज्याचा, त्यानंच डोळा मायक्रोस्कोपला लावून बसायचं आणि तापमान मोठ्यानं वाचायचं, हा आमच्या लॅबचा रिवाज. डॉ. विद्याधर कानिटकर, म्हणजे सर, माझे गाइड, तो अभिमानानं पाळत. “मोजणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं. मग पळवाट राहत नाही,” असं म्हणत. पाच वर्षं मीही तो रिवाज मोठ्या कौतुकानं पाळला. त्या सकाळी मात्र माझ्या घशाला कोरड पडली होती, कारण बैठक सुरू होण्याआधी सरांनी फळ्यावर एक आकडा लिहिला होता. चौऱ्याऐंशी. लिहून त्याभोवती सावकाश गोल काढला होता.

तो आकडा काय होता ते सांगते, म्हणजे माझ्या घशाचं कळेल.

सोनं फार बारीक केलं की पिवळं राहत नाही. इतके बारीक कण करायचे की साध्या मायक्रोस्कोपलाही दिसू नयेत. मग त्याचं पाणी कोकम सरबतासारखं लाल होतं. हे कण मोकळे सोडले तर एकमेकांना चिकटून काळा गोळा होतात. म्हणून प्रत्येक कणाला लांब रेणूंचा अंगरखा घालावा लागतो. शास्त्रात त्या रेणूंना लिगँड म्हणतात, आम्ही शेपट्या म्हणायचो. शेपट्या नीट बसल्या, नमुना तापवून हळूहळू गार केला, की कण आपले आपण रांगा धरतात, रांगांवर रांगा रचतात. कुणी उभं करत नाही. तरी ते घट्ट होत नाहीत, मधासारखे वाहतात. वाहतात, पण रांग सोडत नाहीत. सोन्याचा असा द्रवस्फटिक करून दाखवणं हा माझा प्रबंध होता. तो त्या बैठकीत मान्य झाला तर मी डॉक्टर होणार होते. नाही झाला तर माझी मुदत आधीच दोनदा वाढवून घेतलेली होती, आणि परतूरचं, माझ्या गावचं, तिकीट काढायचं होतं.

यात एक मेख आहे. शेपट्या नेहमी जास्तीच्या घालाव्या लागतात, आणि कणांना न चिकटलेल्या शेपट्या नमुन्यात मोकळ्या फिरत राहतात. त्या धुऊन काढायच्या. आम्ही त्याला धुणंच म्हणायचो. नळीत अल्कोहोल घालायचं, सेंट्रीफ्यूजमध्ये नळी गरगर फिरवायची, सोनं तळाला बसलं की वरचं पाणी ओतून द्यायचं. कमी धुतलं तर मोकळ्या शेपट्या राहतात. जास्त धुतलं तर चिकटलेल्याही निघतात आणि सोनं मरतं. मेलं की मेलंच. मग ब्रह्मदेव आला तरी ते पुन्हा लाल होत नाही.

आणि मोकळ्या शेपट्यांना, सोनं नसतानाही, पंखे येतात. रंगीत, सुंदर पंखे. ते चौऱ्याऐंशी अंशाला वितळतात.

“किती?”

“पंच्याहत्तर.”

मला खरं तर चौथं धुणं करायचं होतं. दिवाळीनंतर एका दुपारी मी तिसरं आटपून नळीत पुन्हा अल्कोहोल ओतणार, तेवढ्यात सर मागून आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

“ठेव ती बाटली. तीन पुरेत.”

“सर, अजून मोकळं दिसतंय मला.”

“चौथ्याला सोनं मरेल. शेपटी मी घडवलीय, शैलजा. तू नाहीस.”

ते मात्र खरं होतं. ती शेपटी सरांनी तरुणपणी परदेशात असताना स्वतःच्या हातांनी केली होती. शेवटची पायरी इतकी अवघड की नंतर पुष्कळांनी हात टेकले, खुद्द सरांनाही ती पुन्हा साधली नाही. फ्रीजमध्ये एका सीलबंद कुपीत त्यांनी ती देव्हाऱ्यातल्या गंगाजलासारखी जपली होती. मला दिली तेव्हा म्हणाले होते, “माझी सगळी उमेद यात आहे. सांडू नकोस.” मी सांडली नाही. सगळी कुपी माझ्या त्या एका नळीत गेली. कृपणाचं धन आणि सरांची शेपटी! एक थेंब वाया जाईल म्हणून ते धुऊ देत नसत, जळेल म्हणून ऐंशीच्या वर तापवू देत नसत. त्या सकाळी मात्र स्वतःच उठून म्हणाले होते, “आज आपण सगळ्यांसमोर शेवटपर्यंत तापवून बघू. विज्ञानात पडदा नको.” आणि आकडा लिहिला होता.

“किती?”

“एक्क्याऐंशी, सर.”

“सर म्हणू नकोस. आकडा सांग.”

“एक्क्याऐंशी.”

“आता हळू घेऊ या,” सर समितीला म्हणाले. “घाई कशाला?”

त्यांनी तापवण्याचा वेग कमी केला. खोलीत कुणी हलत नव्हतं. माझ्यानंतर लॅबमध्ये आलेला पराग सबनीस माझ्या शेजारी बसला होता. त्यानं आपली खुर्ची थोडी लांब सरकवली. फरशीवर ती किंचाळली. मी आकडे वाचत होते आणि मनात म्हणत होते, राहा रे. ब्याऐंशी. राहा. त्र्याऐंशी. पंख्यांच्या कडा मऊ पडायला लागल्या.

“चौऱ्याऐंशी,” मी म्हणाले.

भिंत कडेपासून काळी होत गेली. आधी केशरी गेलं, मग हिरवं. शेवटी एका कोपऱ्यात जांभळ्याचा ठिपका राहिला आणि तोही विझला.

समितीच्या अध्यक्ष नाडकर्णी मॅडम मुंबईहून आल्या होत्या. पहिल्यांदा त्याच बोलल्या. “म्हणजे सोन्याचा इथे काही संबंधच नाही. नुसत्या शेपट्याच दिसत होत्या.”

“दुर्दैवानं,” सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. आवाज अगदी प्रेमळ होता. “शैलजा, किती धुणी केलीस?”

“तीन.”

“चौथं का नाही केलंस?”

मी फळ्यावरच्या त्या गोलाकडे बघितलं.

“पहिल्या वर्षाच्या मुलाला कळतं की मोकळी शेपटी काढायची असते. तुला पाच वर्षांत कळलं नाही? तीन पुरेत म्हणून कोणी सांगितलं?”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते डोळे चुकवत नव्हते. शांतपणे माझ्या उत्तराची वाट बघत होते, कारण उत्तर काय येणार ते त्यांना पक्कं माहीत होतं. आमच्याकडे गुरुजींना उलटं बोलत नाहीत. वडिलांनी मला पुण्याला पोचवलं तेव्हा या माणसाच्या पाया पडायला लावलं होतं. भरल्या खोलीत मी ‘तुम्ही’ म्हणू शकले नाही. आजही त्या मुलीचा मला राग येतो. कीव येत नाही, रागच येतो.

“कोणी नाही,” मी म्हणाले. “मीच ठरवलं.”

“बघा,” सर समितीला म्हणाले.

मग मला काय करावं सुचेना, म्हणून मी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. निदान त्या भोकात कुणाची तोंडं दिसत नव्हती. सगळं काळं होतं. पण डोळा अंधाराला सरावला तसं काहीतरी दिसायला लागलं. अगदी मंद. तांबूस रेघा; सुटा कण दिसत नाही, पण लाखो कणांनी रांगा धरल्या की दिसतात तशा. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी, पेरलेल्या शेतासारख्या सरळ आणि सारख्या. शेजारच्या, तापमान दाखवणाऱ्या डब्यावर आकडा ब्याण्णव होता. शेपट्या कधीच्या वितळून गेल्या होत्या आणि हे वितळत नव्हतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, “सर! आहे! खाली अजून काहीतरी आहे!”

“आता तुला जे हवंय ते दिसायला लागणारच,” सर म्हणाले. सगळे हसले. परागसुद्धा. भिंतीवर काहीच नव्हतं. कॅमेऱ्याला इतका मंद उजेड पकडता येत नाही.

“एकदा बघा तरी, सर.”

ते उठले. मी बाजूला झाले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला. जरा जास्तच वेळ लावला. मला त्यांची मान दिसत होती, त्यावरची पांढरी लव दिसत होती. त्यांचा श्वास थांबला होता हे मी शपथेवर सांगेन.

मग ते सरळ झाले आणि त्यांनी दिवा बंद केला.

“धूळ आहे,” ते म्हणाले. “पडदे उघडा.”

उजेडात सगळ्यांचे डोळे बारीक झाले. नाडकर्णी मॅडम सरांशी हात मिळवत होत्या. “कानिटकर, स्वतःच्याच लॅबचा निकाल असा सगळ्यांसमोर मोडून दाखवायला छाती लागते. हल्ली कोण करतं? तुमच्या पुढच्या प्रकल्पाची मला मुळीच काळजी नाही.” टाळ्या झाल्या. सर धुतल्या तांदळासारखे मधोमध उभे होते.

चहाच्या टेबलाशी मॅडम माझ्याजवळही आल्या. चांगल्या बाई होत्या. चांगल्या माणसांचं बोलणं जास्त झोंबतं.

“वाईट वाटून घेऊ नकोस हं. कुठली गं तू?”

“परतूर. जालना जिल्हा.”

“छान. तिकडे कॉलेजं आहेत ना? शिकवायला काय हरकत आहे! सगळ्यांनीच संशोधन करायला हवं असं थोडंच आहे?”

“नाही,” मी म्हणाले.

जेवणानंतर सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. समिती संचालकांकडे गेली होती. टेबलावर पाहुण्यांसाठी आणलेला काजूकतलीचा खोका होता.

“घे. उरलीय.”

मी घेतली नाही.

“बस. रागावलीस?”

“सर, धूळ नव्हती ती.”

“हो,” सर म्हणाले. “मला ठाऊक आहे.”

ते इतक्या सहज म्हणाले, की मला क्षणभर वाटलं माझीच ऐकण्यात चूक झाली.

“सोनंच होतं,” ते पुढे म्हणाले. “शेपटी वितळल्यावरही रांगा सुटल्या नाहीत. तीस वर्षं मी त्याची वाट बघतोय.” त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. डोळ्यांत खरोखर पाणी होतं. “फार सुंदर केलंस तू. तुझ्यासारखा हात मी बघितला नाही.”

“मग तुम्ही दिवा का बंद केलात?”

“नाडकर्णीबाईंनी गेल्या महिन्यातच मला विचारलं होतं, पंखे नुसत्या शेपटीचे तर नाहीत ना म्हणून. मी तपासलं. होते. आता त्या लोकांसमोर उघडं पडायचं की आपणच उघडं करायचं, एवढाच प्रश्न उरला होता. आधी ‘चूक झाली’ म्हणायचं आणि लगेच ‘नाही नाही, बघा, खाली सोनं आहे’ म्हणायचं? हसले असते. तूच ऐकलंस ना, हसलेच.”

“तुम्ही हसवलंत.”

“शैलजा, चूक कुणाच्या तरी नावावर पडायची होती. माझ्या नावावर पडली असती तर लॅब बंद झाली असती. वीस माणसांचं पोट आहे इथे.” त्यांनी खोका माझ्याकडे सरकवला. “तुझी मुदत आता वाढणार नाही. ते माझ्या हातात राहिलेलं नाही. नमुना परागच्या नावावर पुढे जाईल. नव्यानं केला म्हणून सांगू. आभारात तुझं नाव घालीन, शब्द देतो.”

पाच वर्षं, आणि आभारात नाव! मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. पोटात काहीतरी हळूहळू गार होत गेलं आणि जागच्या जागी बसलं.

“एक कर,” सर म्हणाले. “जाण्याआधी चौथं धुणं तू करून दे. परागचा हात जड आहे, त्याच्याकडून मरेल ते. तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.”

“बरं, सर.”

“रागाच्या भरात नको. शांतपणे.”

“शांतपणेच करते,” मी म्हणाले.

आणि खरंच, इतक्या शांतपणे मी कधी काम केलं नव्हतं. लॅबमध्ये दुपारचं ऊन आलं होतं. मी नळी काढली. अल्कोहोल थेंबाथेंबानं सोडलं, सेंट्रीफ्यूज लावला, वरचं पाणी अलगद ओतलं. हात नेहमीसारखा हलका ठेवला. तळचं सोनं पुन्हा विरघळवलं तेव्हा नळी लालभडक झाली. मेलं नव्हतं. चौथ्या धुण्याला सोनं मरत नाही, सर. तेव्हाही मेलं नसतं.

मग त्यातला एक थेंब काचेवर घेतला, सुकवला, तापवला आणि सावकाश गार होऊ दिला. मी डोळा लावला.

मोकळ्या शेपटीचा मागमूसही नव्हता. नुसतं सोनं होतं, आणि ते रांगा धरत होतं. माझ्या डोळ्यांदेखत. अंधारातून एक तांबूस रेघ यायची, ती स्थिर झाली की तिच्या अंगाला दुसरी यायची. कुणी ढकलत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं, किती धुतलं म्हणून कुणी विचारत नव्हतं. मी काचेला हळूच सुईचं टोक लावलं तर दिसत होतं ते सगळं एकदम वाहिलं, वळलं, आणि रांग तशीच राहिली. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्यानं हसले. माझ्या आयुष्यात मी याहून सुंदर काही बघितलेलं नाही, आणि मला एक मुलगी आहे.

दारात पराग होता.

“झालं का गं? सर विचारतायत. मला दाखव ना.”

मी ती काच पुसून टाकली.

“अजून धुवायचंय.”

“चारच म्हणाले होते ना ते?”

“तुला साफ झालेलं दिसतंय का? बघ, तूच ठरव. तुझ्याच नावावर जाणार आहे.”

त्यानं नळी उजेडात धरली, मान तिरकी केली. “मला काय कळतंय त्यातलं? तू म्हणशील तसं.”

“सकाळी छान हसलास,” मी म्हणाले.

तो लालबुंद झाला. “सगळेच हसले. मी एकटा कसा गप्प बसू?”

“बरोबर आहे. जा, मी घेऊन येते.”

पाचव्या धुण्यानंतर लाल गेलं आणि नळी जांभूळ चावल्यावर जीभ होते तशी झाली. तेव्हाही थांबता आलं असतं. थोडं तरी वाचलं असतं. मी थांबले नाही. अल्कोहोल भरपूर ओतलं, मशीन जोरात लावलं आणि स्टुलावर बसून त्याची घरघर ऐकली. सहाव्यानंतर नळीत वर नितळ पाणी होतं आणि तळाला काळा गाळ. मी ती हलवली. गाळ उठला, फिरला, पुन्हा खाली बसला. मग खात्रीसाठी सातवं धुणंही केलं. अर्धवट काम मला आवडत नाही.

लोक विचारतील, वाईट नाही वाटलं? वाटलं ना. सोन्याचं वाटलं. त्यानं माझं काही वाकडं केलं नव्हतं.

सरांच्या खोलीत नाडकर्णी मॅडम निरोप घ्यायला आल्या होत्या. पराग त्यांची बॅग धरून उभा होता. सरांनी मला बघितलं आणि चेहरा उजळला, पण पाहुण्यांसमोर आवाज बेताचा ठेवला.

“अरे वा. झालं?”

“झालं, सर.” मी नळी त्यांच्या हातात दिली. “स्वच्छ.”

त्यांनी ती खिडकीकडे धरली. आधी त्यांना कळलं नाही. मग त्यांनी ती हलवली. पुन्हा हलवली. गाळ उठला आणि बसला. त्यांच्या ओठांचा रंग गेला.

“किती धुणी केलीस?” ते पुटपुटले.

“सात.”

“सात?” त्यांचा आवाज फाटला. मॅडमनी चमकून बघितलं. “सगळी कुपी होती त्यात! माझी सगळी... सात? कोणी सांगितलं तुला? सात धुणी करायला कोणी सांगितलं?”

खोलीत परत तीच शांतता झाली, सकाळसारखी. या वेळी मात्र माझ्या घशाला कोरड नव्हती.

“तुम्ही, सर,” मी म्हणाले. “सकाळी सगळ्यांसमोर म्हणालात ना, धुणं कमी पडलं म्हणून?”

“ते बरोबरच आहे,” नाडकर्णी मॅडम मध्ये पडल्या. “मुलीनं मनावर घेतलंय, एवढंच. आणि कानिटकर, त्या नमुन्यात तसंही काही नव्हतं. धूळ होती. तुम्हीच बघितलीत.”

सरांनी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी डोळे चुकवले नाहीत. ते काय उत्तर देणार, ते मला पक्कं माहीत होतं.

“हो,” ते म्हणाले. “धूळच होती.”

मी खोक्यातली एक काजूकतली उचलली आणि निघाले. दारातून वळून पाहिलं तेव्हा मॅडम परागला गाडीचं विचारत होत्या, आणि सर खिडकीपाशी नळी हलवत उभे होते.